अडखळणारं चित्र

पैज आईनं लावली होती आणि अटी बाबांनी घातल्या होत्या. व्हिडिओत बाबांचा हात थरथरताना दिसला, तर उद्या सकाळी त्यांनी मुकाट्यानं डॉक्टरकडे यायचं आणि दुकानाला कुलूप घालायचं. हात स्थिर दिसला, तर हा विषय या घरात पुन्हा कुणी काढायचा नाही. डॉक्टरांची वेळ आईनं परस्पर घेऊन ठेवली होती. ते कळल्यापासून बाबांचं डोकं आणखीच फिरलं होतं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. घराचीच पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांचं टेबल, टेबलावर दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे आणि मोहरीहूनही लहान स्क्रू. ज्याच्या बोटांवर सगळा संसार उभा राहिला, त्या माणसाला 'तुमचा हात हलतो' म्हणणं म्हणजे गवयाला 'तुमचा गळा गेला' म्हणण्यासारखंच. आईनं ते म्हटलं होतं, आणि एकदा म्हणून थांबली नव्हती. रोज म्हणत होती.

सुरुवात कपबशीवरून झाली. बाबांच्या टेबलावर चहा ठेवायला सक्त मनाई होती, कारण एक थेंब सांडला तरी कुणाच्या तरी घड्याळाचं वाटोळं. म्हणून लग्न झाल्यापासून आई कपबशी त्यांच्या हातात द्यायची आणि रिकामी झाली की हातातूनच परत घ्यायची. अलीकडे या देण्याघेण्यात कप बशीवर वाजायला लागला होता. किणकिण, किणकिण. आईच्या काळजात धस्स झालं, कारण तिच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी कपबशी, मग शर्टाची बटणं, आणि शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत पोचेना.

"तुझ्या भावाचं दुखणं मला कशाला होईल?" बाबा ओरडायचे. "मी काय त्याच्या रक्ताचा आहे?"

"दुखणं रक्त विचारून येत नाही," आई म्हणायची, आणि मग दोन दिवस दोघांचा अबोला.

शेवटी लेकीला बोलावणं गेलं. लेक पस्तिशीला टेकली होती, दुसऱ्या गावी नोकरी करत होती, तिच्या हाताखाली चार माणसं होती. पण या घरात ती अजून चिऊच होती. चिऊ आली, जेवणं उरकली, आणि बाबांनी टेबलावर एक लेडीज घड्याळ उघडून त्यातला सगळ्यात बारीक स्क्रू बसवायला घेतला. व्हिडिओ आईनंच काढला, चिऊच्या नव्या फोनवर. "तूच काढ," बाबा म्हणाले होते, "म्हणजे लेकीनं बापाला सांभाळून घेतलं असं म्हणायला तोंड राहायचं नाही तुला."

फोनच्या पडद्यावर पाहिलं तर आई म्हणाली, हलतोय. बाबा म्हणाले, कुठं हलतोय? चिऊला काहीच छातीठोक सांगता येईना.

"या काडेपेटीत माझा हात मुंगीएवढा दिसतो," बाबा म्हणाले. "मोठ्या पडद्यावर लाव. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

मोठा पडदा म्हणजे आतल्या खोलीतला कॉम्प्युटर, चिऊच्या कॉलेजच्या दिवसांत घेतलेला. बटण दाबलं की तो आधी कण्हायचा, मग बराच विचार करायचा आणि मग एकदाचा उजळायचा. त्याचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, पण या घरात आपणहून कुणी निवृत्त होत नसे.

चिऊनं फोन वायरनं जोडला आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर बाबांचा हात आला. चिमटा स्क्रू घेऊन निघाला आणि मध्येच थांबला. मग एकदम झटका खाऊन पुढे उडाला. पुन्हा थांबला, पुन्हा उडाला.

"बघा!" आई उभीच राहिली. "आता तरी बघा डोळ्यांनी!"

"काय बघा? त्या काट्याकडे बघ तू!" बाबांनी पडद्यावर बोट आपटलं. त्यांचं टेबलावरचं घड्याळ चित्रात हाताशेजारीच होतं. त्याचा सेकंदकाटा एरवी न थांबता, लोण्यातून फिरल्यासारखा सरकायचा. आता तो बेडकासारखा उड्या मारत होता. "त्यालापण झालंय का तुझ्या भावाचं? त्यालापण ने डॉक्टरकडे!"

चिऊचा जीव जरा भांड्यात पडला. काटा उडतोय म्हणजे दोष कॉम्प्युटरचा, एवढं तर नक्की. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. चित्र अडखळत होतं तोवर दोघंही आपापल्या जागी खरे होते आणि दोघंही मागे हटणारे नव्हते.

"आधी हा नीट करते," ती म्हणाली. "तोवर कुणी एक शब्द बोलायचा नाही."

व्हिडिओ वायरीतून येताना अडकत असेल म्हणून तिनं तो कॉम्प्युटरवर उतरवायला घेतला. जागाच शिल्लक नाही, असं कॉम्प्युटरनं कळवलं. जुने धूसर फोटो, दोनदोनदा उतरवलेली गाणी, तिचे कॉलेजातले प्रकल्प, सगळं उडवून तिनं जागा केली. पुन्हा लावला. आता आवाज पुढे पळाला आणि चित्र मागे राहिलं. "इथून नीट दिसत नाही, मी जवळून घेते," असा आईचा व्हिडिओतला आवाज आला, तेव्हा चित्रात बाबा अजून भिंग डोळ्याला लावत होते.

"हे बरं आहे," बाबा पुटपुटले. "बोलणं आधी, बघणं मागून. थेट तुझ्यासारखं."

"बाबा!"

पडद्यामागे कॉम्प्युटरची ताकद कोण खातंय ते चिऊनं पाहिलं. व्हायरस शोधणारा प्रोग्राम नेमका आत्ताच सगळं घर झाडायला निघाला होता. तो बंद केला. आणखी दोनचार फुकट्यांना बाहेर काढलं. व्हिडिओ जरा सुधारला, बाबांनी मान डोलावली, आणि तेवढ्यात आतला पंखा घोंघावायला लागून चित्र जागच्या जागी गोठलं. नेमका चिमटा स्क्रूला टेकायच्या क्षणी. आईनं डोळे मिटून घेतले.

"तापलाय," चिऊ म्हणाली. "उघडावा लागेल."

उघडायचं म्हटल्यावर बाबांना राहवलं नाही. ते पुढच्या खोलीतून आपला स्क्रूड्रायव्हर, बारीक ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा घेऊन आले. झाकण काढलं तर आत धुळीची चक्क गोधडी. बाबा वाकून पंख्याच्या पात्यांमधली धूळ काढू लागले, आणि आईनं टॉर्च धरला. बाबा बोटांनी धूळ काढत होते आणि बाकीच्या दोघी त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. ते बघणं बाबांना पाठीवर जाणवत असणार, कारण त्यांचे कान लाल झाले.

"उजेड नीट धर की," ते खेकसले. "सारखा नाचतोय."

"तुम्हीच सारखे आडवे येताय."

"राग आला की टॉर्चवर काढायचा!"

चिऊनं टॉर्च आईच्या हातातून घेतला, म्हणजे निदान भांडण तरी वाढू नये. तिच्या मनात त्या वेळी दुसरंच घोळत होतं. समजा, हे नीटच झालं नाही तर? बाबांचं दुकान चालू राहील. आई कुरकुरत राहील. चित्र अडखळत राहिलं तर घर जसं आहे तसंच राहील. 'जमत नाही' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. ते तिच्या जिभेवर आले, आणि तिला मामाचा शेवटचा वाढदिवस आठवला. मामी त्याला चमच्यानं भरवत होती आणि तो पाहुण्यांपासून तोंड फिरवून बसला होता. लवकर कळलं असतं तर, असं मामी पुढे आल्यागेल्याला सांगायची. चिऊनं दोन शब्द गिळले.

झाकण लागलं. पंखा शांत फिरू लागला. व्हिडिओ मात्र अडखळायचा तो अडखळलाच.

मग तिनं जे आधीच पाहायला हवं होतं ते पाहिलं. नव्या फोननं व्हिडिओ इतका मोठा आणि अशा नव्या पद्धतीनं आवळून साठवला होता की तो उलगडता उलगडता म्हाताऱ्या कॉम्प्युटरची दमछाक होत होती. त्याला पेलेल एवढाच हलका करून द्यायला हवा होता. तिनं व्हिडिओ जुन्या, सोप्या पद्धतीत बदलायला लावला. चित्राचा आकार कमी केला, पण हालचालीतलं एकही चित्र गाळू दिलं नाही. हालचालीसाठीच तर सगळं चाललं होतं.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. बाबा येरझारा घालत होते. पुढच्या खोलीत जायचे, टेबलावरचा चिमटा उचलून बघायचे, ठेवायचे, परत यायचे. एकदा चिऊनं डोकावलं तर ते आपला उजवा हात दिव्याखाली धरून उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर इतकी भीती होती की ती पाय न वाजवता मागे फिरली. इतका वेळ ते तावातावानं बोलत होते ते सगळं या भीतीच्या जोरावर, हे तिला तेव्हा कळलं. तिला बापाची फार दया आली.

आई मात्र खुर्चीत ताठ बसून होती. "मला काय हौस आहे का गं?" ती हळूच म्हणाली. "माझे हातपाय आहेत तोवर मी त्यांचं करीन. पण कळायला तर हवं."

पट्टी भरली. चिऊनं हाक मारली. तिघं पडद्यासमोर बसले.

या वेळी चित्र अडखळलं नाही. सेकंदकाटा गुळगुळीत सरकत होता. ही व्हिडिओची सुरुवात होती, फोन सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता तेव्हाची. बाबांचा हात चित्रात आला. चिमट्यानं स्क्रू उचलला, घड्याळावर नेला, भोकावर आणला. हात इतका स्थिर होता की काटा फिरत नसता तर चित्र पुन्हा गोठलं असंच वाटलं असतं.

"बघितलंस?" बाबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "बघितलंस का? आहे का कुठं काही? म्हणे डॉक्टर! म्हणे कुलूप!"

आईनं तोंडावर हात दाबून धरला आणि ती रडायला लागली. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यावर माणूस रडतं तसं. "नाही काढायची मी परत हा विषय," ती म्हणत होती. "माझंच चुकलं. नाही काढायची."

चिऊपण हसत होती. तिचा हात व्हिडिओ बंद करायला पुढे झालाही होता. पण पडद्यावर "इथून नीट दिसत नाही, मी जवळून घेते," असं आईचं बोलणं आलं, चित्र डब्यावरून उचललं गेलं, टेबलाच्या जवळ आलं, आणि थरथरायला लागलं.

"पुन्हा आजारी पडला हा," बाबा हसत म्हणाले.

चिऊ पडद्याकडे झुकली. कॉम्प्युटर तोच होता. व्हिडिओ तोच होता. सेकंदकाटा आताही न अडखळता सरकत होता. हलत होतं ते सगळंच एकदम, दिवा, टेबल, घड्याळ, बाबांचा हात. फरक एवढाच होता, की आधी फोन डब्यानं धरला होता आणि आता आईनं.

कुणाचाही हात थोडा हलणारच, असं चिऊनं स्वतःला समजावलं. पण तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांचं हसू ओठांवरच राहिलं होतं. त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं, घड्याळ कानाला लावून त्याची चाल पाहताना धरत तसा. घाबरलेल्या, अवघडलेल्या माणसाचा हात कसाही हलतो. हे हलणं एकसारखं होतं, बारीक, नेमानं चालणारं. बाबांचं बोट त्याच्याशी तंतोतंत जुळलं आणि मग थांबलं.

चिऊला टॉर्चचा नाचणारा उजेड आठवला. कपबशी आठवली. देताघेताना ती एकाच वेळी दोघांच्याही हातात असायची, आणि दोघांनाही आपापल्या हाताची पक्की खात्री.

आईनं डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. ती बराच वेळ बघत राहिली. व्हिडिओ संपला तरी बघत राहिली. मग तिनं सावकाश आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

 

बाबा उठले आणि खुर्ची ओढून आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. "माझाच हात हलला असता तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले.

"काहीतरीच बोलू नका."

"काहीतरीच नाही. दुकान आजच बंद केलं असतं मी."

त्यांनी तिचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला. ती देईना, त्यांनी सोडला नाही. दोन्ही तळव्यांमध्ये त्यांनी तो गच्च धरला, पण थरथर काही थांबेना. बाबांचेही हात आता हलत होते, आणि कुणाचा हात कुणाला हलवतोय ते चिऊला बाहेरून सांगता आलं नसतं.

"डॉक्टरकडे नाव तुमचं दिलंय मी," आई म्हणाली.

"राहू दे माझंच," बाबा म्हणाले. "तिथं गेल्यावर सांगू."