मानेखाली

झोर्काने पेनाला टोपण लावलं आणि सही न करताच शोधनिबंध टेबलावरून मागे सरकवला.

"सही राहिली," वेंदेलिन सर म्हणाले.

"राहिली नाही. करत नाहीये."

कोशित्से शहरातल्या त्या प्रयोगशाळेत सरांशी असं कुणी बोलत नसे. निबंधात लिहिलं होतं : संसर्गानंतर पंचेचाळिसाव्या दिवशी उंदरांच्या मेंदूत विषाणू सापडत नाही, मूळ विषाणू असो की त्यातलं एक छोटं प्रथिन काढून टाकलेला, दोन्ही नाहीसे होतात. म्हणजे त्या प्रथिनाला काही कामच नाही. बाळंतपणाआधीची झोर्काची चार वर्षं त्याच प्रथिनापायी गेली होती. सही केली की तो विषय बंद.

"तीन वर्षं लंगोट धुतलेस, आता मला विषाणू शिकव."

"मूळ विषाणू दिलेले तिन्ही उंदीर मागचे पाय ओढतात, सर. मेंदू स्वच्छ आहे, मग पायांना काय झालंय?"

"पिंजऱ्यात बसून आखडलेत. उरलेले सहाही उंदीर आज संपव."

खाली प्राणीगृहात तिने त्यातला एक तळहातावर घेतला. मागचा पाय घसरला तसं तिने पोटाखाली बोट धरलं. लेक चालायला शिकताना धरायची तसं. मग काम उरकलं.

प्राणीगृह सांभाळणाऱ्या एतेलामावशींनी सरावाच्या हाताने मेंदू तपासायला सहा डोकी वेगळी केली आणि बाकीचं पिशवीत भरलं.

"मावशी, ती पिशवी मला द्या."

"ही? अगं, ही जाळायची असते. तीस वर्षं जाळतेय, कुणी मागितली नाही. साहेबांना कळलं तर?"

"सांगा, झोर्काने हिसकावली."

"मग हिसकाव की," म्हणत मावशींनी पिशवी पुढे केली.

मिठाच्या पाण्याची सिरिंज तिने कण्याच्या खालच्या टोकाला लावली आणि दाबली. मज्जारज्जू शेवईसारखा अखंड बाहेर आला. असं सहा वेळा.

विषाणू असेल तिथे हिरवा चमकणारा रंग मज्जारज्जूच्या पातळ कापांना लावून तिसऱ्या दिवशी तिने सरांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. प्रथिन नसलेल्या विषाणूचे तिन्ही काप काळेभोर होते. मूळ विषाणूचा पहिलाच काप हिरव्या ठिपक्यांनी चमकला. विषाणू गेला नव्हता. मेंदूतून खाली उतरून त्याने बिऱ्हाड केलं होतं, आणि टिकून राहायला त्याला ते छोटं प्रथिन लागत होतं.

सर उगाच सूक्ष्मदर्शकाची फिरकी पुढेमागे करत राहिले.

"तीनच तर उंदीर. योगायोग असेल."

"मग तीस घ्या. मी कुठे जात नाहीये."

त्यांनी दारात उभ्या मावशींकडे मान वळवली. "एतेलाबाई, आधीच्या प्रयोगांतली... बाकीची शरीरं?"

"जाळली, साहेब. तुम्हीच सांगितलं होतंत."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरला.

"मेंदूत नाही म्हणजे शरीरात नाही. हे वाक्य माझ्या किती निबंधांत आहे, कल्पना आहे तुला?"

"अकरा," झोर्का म्हणाली.

 सर चष्मा चढवून पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"पुढची काच लाव."