नववी लेव्हल

"अहो, इथल्या फाइली कुठे गेल्या?"

अहिल्येचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे गुरुनाथला काही कळलंच नाही. तो किचनच्या टेबलाशी चहात टोस्ट बुडवत बसला होता आणि स्वतःवर बेहद्द खूश होता. शनिवारची सगळी कामं साडेअकराच्या आत उरकली होती. गाडी धुऊन आणली होती, कपडे मशीनमध्ये टाकले होते आणि कॉम्प्युटर साफ केला होता. पार्सिपनीतल्या एका विमा कंपनीत तो आठवडाभर लोकांची मशिनं दुरुस्त करायचा. तरी शनिवारी घरचं मशीन साफ केल्याशिवाय त्याला सुट्टी लागल्यासारखी वाटत नसे. काही माणसं शनिवारी मारुतीला जातात, हा डिस्क क्लीनअप करायचा.

"कुठल्या फाइली?"

"टेम्पररी फोल्डरमधल्या."

"त्या होय? उडवल्या. सव्वा जीबी कचरा होता, अहिल्या! मग डीफ्रॅग पण करून टाकलं. आता बघ कसा पळतो."

टोस्टचा अर्धा तुकडा चहात बुडाला तरी उत्तर आलं नाही, तेव्हा तो उठला. अहिल्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. बोटांना ओल्या नारळाचा कीस चिकटलेला होता, म्हणून तिने दोन्ही हात कीबोर्डपासून लांब, हवेत धरले होते. उद्याच्या मंडळाच्या गणपतीसाठी एकावन्न उकडीचे मोदक तिच्याकडे होते. नागपूरच्या मुलीने सासूकडून शिकून केलेले मोदक न्यू जर्सीतल्या मंडळाला दरवर्षी लागायचे, याचं गुरुनाथला कौतुक होतं. तिच्या बाकीच्या उद्योगाचं मात्र तेवढं नव्हतं.

"काय करून राहिले हो तुम्ही?" ती हळूच म्हणाली. फार दुखलं की तिच्या तोंडी नागपूर यायचं. "नववी लेव्हल झाली होती माझी."

"कधी?"

"तुम्ही गाडी धुवायला गेले तेव्हा. तेवीस दिवसांनी झाली होती."

गुरुनाथने कपाळाला हात लावला. घर साफ करायला गेला आणि घरातली तिजोरीच झाडून बाहेर टाकली, असं झालं होतं.

अहिल्या दोन हजार साली त्याच्या मागोमाग अमेरिकेत आली, ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर राहता येतं, नोकरी करता येत नाही. नागपुरात एका वाचनालयाच्या बालविभागात ती अकरा वर्षं काम करत होती. इथे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती, चार भिंती आणि टीव्ही. इंग्रजी वाचता यायचं, पण दुकानातली माणसं बोलायला लागली की शब्द कानावरून निघून जायचे. दुपारी एका वाहिनीवर 'मडपाय काउंटी' नावाचं कार्टून लागायचं. त्यातले प्राणी सावकाश बोलत, एकमेकांना 'एक्स्क्यूज मी' म्हणत, एकच वाक्य दोनदा म्हणत. अहिल्या त्यांच्याकडून बोलायला शिकली. डॉक्टरांची अपॉइंटमेंट कशी घ्यायची हे तिला एका डुकराने शिकवलं, असं ती स्वतःच हसत सांगायची. पुढे कार्टून बंद झालं. वाहिनीच्या वेबसाइटवर त्याचे सतरा गेम तेवढे राहिले आणि या उन्हाळ्यात तिथे पाटी लागली की एकतीस ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता तेही काढून टाकणार.

पोरांच्या गोष्टी अशाच जातात, हे अहिल्येला नवं नव्हतं. वाचनालयात रद्दी काढायची वेळ आली की पहिला हात बालविभागावर पडायचा. मुलं काय, उद्या मोठी होतात, विसरून जातात, असं सगळे म्हणायचे. तिने स्वतःच्या हातांनी गठ्ठे बांधून दिले होते. आता मात्र तिने ठरवलं की हे नाही जाऊ द्यायचं. इंटरनेटवर असे जुने गेम जपणाऱ्या तीस-चाळीस जणांचा एक फोरम तिने शोधून काढला. कुणी टेक्ससमधला, कुणी कॅनडातला. तिथे तिला सगळे मिसेस एन म्हणत.

या जपण्यात एक गोम होती. गेम एकदम उतरत नसे. पहिली लेव्हल जिंकली की दुसरीची फाइल यायची, दुसरी जिंकली की तिसरीची. त्या फाइलीचं नावसुद्धा आधीची लेव्हल संपल्याशिवाय कळत नसे. आलेल्या फाइली ब्राउझरच्या टेम्पररी फोल्डरमध्ये पडत, तिथून उचलून सीडीवर घ्यायच्या. म्हणजे गेम वाचवायचा तर आधी तो जिंकावा लागायचा. आयुष्यात कधी पत्ते न कुटलेली ही बाई बेचाळिसाव्या वर्षी सोळा गेम शेवटपर्यंत जिंकली होती.

सतरावा होता मिसेस पर्किन्स या बदकिणीच्या स्कूलबसचा. बर्फातून बस चालवायची आणि एकेका पोराला घरी सोडायचं. मध्ये एकदा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आठव्या लेव्हलच्या पुढे फोरमवर कुणीही गेलं नव्हतं. अहिल्येला खरी गाडी चालवायची भीती वाटायची, पार्सिपनीत सहा वर्षं राहून तिने लायसन्स काढलं नव्हतं. पण ती बस तिने पार नेली. मग गॅसवरचं सारण ढवळायला गेली. सीडी नंतर करू म्हणाली, तेवढ्यात गुरुनाथ गाडी धुऊन आला.

त्या शनिवारी गुरुनाथने आपली सगळी विद्या पणाला लावली. पुसलेल्या फाइली परत आणायची तीन सॉफ्टवेअर त्याच्याकडे होती. तिन्ही चालवली. नुसतं पुसलं असतं तर काही मिळालंही असतं, पण वरून डीफ्रॅग करून, म्हणजे डिस्कवरचं सगळं नव्याने रचून, त्याने त्या जागेवर दुसरंच काही नेऊन ठेवलं होतं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला मूर्खात काढलं असतं.

"जाऊ द्या," अहिल्या म्हणाली. "गुरुवारपर्यंत वेळ आहे. एकदा झालं ते पुन्हा होईल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली, मोदक संपले. मंडळाच्या सुवर्णाताई ताट हातात घेऊन आल्या. "अहिल्या, फोनवर सांगत होतीस ते कार्टूनचे गेम अजून चालूच का गं? अगं, आमच्या मुलांनीसुद्धा सोडले ते," असं म्हणाल्या आणि म्हटल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. अहिल्या-गुरुनाथला मूल नव्हतं. त्या गडबडून वरणभाताकडे वळल्या. एरवी गुरुनाथ अशा वेळी "टाइमपास हो, दुसरं काय" म्हणून हसण्यावारी न्यायचा. आज त्याने त्यांना थांबवलं.

"सुवर्णाताई, तो गेम आजवर फक्त हिने पूर्ण केलाय. जगात, म्हणजे. आणि मी तो डिलीट केला."

सुवर्णाताई "हो का" म्हणून ताट घेऊन पुढे सरकल्या. परतीच्या वाटेवर गाडीत अहिल्या स्वतःशीच हसत होती, हे त्याने पाहिलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तो संध्याकाळी घरी यायचा आणि तिच्याकडे पाहूनच समजायचा. सोमवारी सहावी. मंगळवारी सातवी. बुधवारी आठवीत दोन पोरं सोडायची राहिली असताना बस ओढ्यात गेली. गुरुवारी सकाळी गुरुनाथने ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. इथल्या नोकरीत पहिल्यांदा तो खोटं बोलून घरी राहिला.

"मी खेळू का थोडा वेळ? तुझा हात दुखतोय."

"बघा."

तो बसला. कॉम्प्युटरचा माणूस, त्याला वाटलं होतं अर्ध्या तासात वळण पडेल. दुसऱ्या लेव्हलच्या तिसऱ्या थांब्यावर त्याने मिसेस पर्किन्सला पोरांसकट खड्ड्यात घातलं. पुन्हा बसला, पुन्हा घातलं. पाचव्यांदा अहिल्येने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं.

मग तो शेजारी खुर्ची घेऊन नुसता बघत राहिला. उन्हाळाभरात तिचं हे काम त्याने पहिल्यांदाच पाहिलं. कीबोर्डशेजारी एक शंभर पानी वही होती, तिच्यात एकेक थांबा मराठीत लिहिलेला. 'चर्चपाशी बर्फ उजवीकडून सरकतो, आधीच डावी घ्यावी.' 'टोपीवाल्या सशाला दार उघडून दोन मोजावे, तो विसरभोळा आहे.' ब्रेकचं बटण ती दाबत नव्हती, टेकवत होती. त्या बटणावरचा बाण झिजून नाहीसा झाला होता. बस घसरायला लागली की तिचा श्वास थांबायचा, हात थांबत नसत. ऑफिसात मोठ्या पगाराची माणसं गुरुनाथने पाहिली होती, पण इतकं मन लावून काम करणारं त्यातलं कुणी त्याला आठवेना. ही बाई नोकरीत असती तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. ही नोकरीत नव्हती, तरी हे करत होती.

चार वाजायला पाच मिनिटं असताना आठव्या लेव्हलमध्ये एका सशाची टोपी उडाली आणि बस थांबायला उशीर झाला. संपलं. पूर्ण फेरीला तासभर लागायचा.

"पाणी देऊ?"

"नको. हात झटकून घेते फक्त."

चार वाजता तिने पुन्हा सुरुवात केली. गुरुनाथ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होता आणि बघत होता. पाचवी लेव्हल साडेचारला झाली. सातवी झाली तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. आठवीत शेवटचे तीन थांबे राहिले. चर्च गेलं. ओढा गेला. टोपीवाला ससा उतरला, दोन मोजले, बस सुटली. शेवटचं पोर, एक लहानसं कासव, आपल्या दारात उतरलं आणि पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले. गुरुनाथ खुर्चीतून उठून ओरडलाच. इतक्या मोठ्याने तो भारताने मॅच जिंकली तरी ओरडत नसे.

"झालं! अहिल्या, झालं!"

पडद्यावर 'लोडिंग' आलं होतं. त्याच्याखाली एक रिकामा पट्टा आणि शून्य टक्के.

शून्य टक्केच राहिले. गुरुनाथने घड्याळ पाहिलं. पाच वाजून तीन मिनिटं. त्याने मोडेम पाहिलं, दिवे नीट लागत होते. तारा हलवून पाहिल्या. हलवताना त्याला माहीत होतं की तारांत काही दोष नाही. तिकडे कुणीतरी सांगितल्या वेळी सांगितलेलं बटण दाबलं होतं. बसल्या जागी ते दोघं शून्याकडे बघत राहिले. सव्वापाचला तिने आठव्या लेव्हलपर्यंतच्या फाइली उचलून सीडीवर घेतल्या, झाकणावर मार्करने नाव लिहिलं आणि कंसात लिहिलं, 'नऊपैकी आठ'.

"सॉरी," गुरुनाथ म्हणाला. शनिवारपासून त्याने तो शब्द पंचवीस वेळा तरी म्हटला असेल, पण आता त्याला रडू फुटलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी पाहिली आहे ना ती."

तिने फोरम उघडला आणि लिहायला बसली. अहिल्या इंग्रजीत लिहायला बिचकायची. दोन ओळींची ईमेलसुद्धा आधी गुरुनाथला दाखवायची. आज तिने त्याला विचारलं नाही. एकेका बोटाने, मध्येमध्ये डोळे मिटून, ती लिहीत गेली आणि तो मागे उभा राहून वाचत गेला.

तिने लिहिलं की नवव्या लेव्हलमध्ये पोरं नाहीत. सगळी घरी पोचली आहेत. बस रिकामी आहे आणि रात्र झाली आहे. गुण नाहीत, घड्याळ नाही, हरता येत नाही. नुसती बस गॅरेजपर्यंत न्यायची. वाटेत ज्या ज्या पोराला सोडलं त्याच्या घराच्या खिडकीत दिवा असतो आणि बस जवळ आली की तो दिवा एकदा विझून पुन्हा लागतो. सव्वीस घरं आहेत. कासवाच्या घरचा दिवा सगळ्यांत उशिरा लागतो. मग मिसेस पर्किन्स गॅरेजमध्ये बस लावते, दिवे बंद करते आणि चालत घरी जाते. बर्फात तिच्या पावलांचे ठसे राहतात. ते पुसले जात नाहीत.

गुरुनाथला दोन ठिकाणी व्याकरणाची चूक दिसली. सवयीने त्याचा हात पुढे गेला आणि त्याने तो मागे घेतला.

शेवटी तिने लिहिलं की मग काळ्या पडद्यावर हा गेम बनवणाऱ्या चार जणांची नावं येतात. एक, डॉन केस्लर. दोन, लुसिया व्हर्गास. मग तिने तीन आकडा लिहिला, चार आकडा लिहिला आणि हात मांडीवर ठेवले.

"पुढची?" गुरुनाथने विचारलं.

"सारण खाली लागत होतं. मी उठून गेले."

तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "लिही की माझ्यामुळे गेली. नाव घालून लिही. गुरुनाथ नाडकर्णीने पुसली."

अहिल्येने नकारार्थी मान हलवली. "पुसलं तुम्ही. नावं वाचली नाहीत, ती मी."

तिने तीन आणि चारपुढची जागा कोरीच ठेवली, एकदा सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पाठवून दिलं.