हरणी तारेच्या आत

तारेचं नुसतं नाव काढलं तरी रंभाबाई उठून आत जायची, आणि त्याला कारणही तसंच होतं. कोळवण खोऱ्यात रानडुकरांनी उच्छाद मांडलेला. काही शहाणे लोक रात्री पिकाभोवती उघडी तार ओढतात आणि विजेच्या खांबावर आकडा टाकून तीत करंट सोडतात. हे करू नये, हे सगळ्यांना ठाऊक. बोलत कुणी नाही. दोन वर्षांमागे तिचा नवरा भिवाजी याचा कुत्रा काळ्या असल्याच एका तारेला चिकटला आणि भिवाजी त्याला ओढायला धावला. काळ्या गेला. भिवाजी वाचला, पण उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. तेव्हापासून चहाची कपबशी डाव्या हातात.

एवढं झाल्यावर माणसानं काय करावं? गप बसावं. पण कुत्र्याचं वेड असं जातं होय? त्यानं सोलापूरकडनं कारवानी जातीचं पिल्लू आणलं. लांब टांगा, पाठीला लागलेलं पोट, हरणासारखी मान. नाव ठेवलं हरणी. ही जात पूर्वी सशामागे सोडायचे. आता शिकार बंद आहे, हे भिवाजीला कळत होतं. त्याला डुकरं हाकलायला वेगाचं कुत्रं हवं होतं. पण कायदा बदलला म्हणून रक्त थोडंच बदलतं? समोरून काही पळालं की हरणी सुटलीच.

भिवाजीच्या हातात दोरी टिकेना, म्हणून शिकवायचं काम आलं रंभाबाईच्या गळ्यात. हा ओट्यावर बसून हुकूम सोडणार आणि ही बांधावरून चालणार. शब्द दोनच. 'यू यू' म्हटलं की जवळ यायचं. 'बरूबर' म्हटलं की दोरीशिवाय डाव्या अंगानं चालायचं; बांध अरुंद, म्हणून बाई बांधावर आणि हरणी खाली वावरात.

"मागं बघू नगंस," भिवाजी बजावायचा. "तू बघितलंस की ती चालायची सोडून तुझ्याकडं येती. न् हाकेला आली की भाकरी दे, हात फिरव, सोडून दे. लगीच बांधू नगंस. न्हायतर हाक म्हंजी साखळी, आसं बसंल तिच्या डोस्क्यात."

"व्हय, कळलं," रंभाबाई म्हणायची, आणि हरणी आली रे आली की साखळी अडकवून मोकळी व्हायची. कळत होतं सगळं, पण हात ऐकत नव्हते. मोकळं कुत्रं दिसलं की तिला काळ्या दिसायचा. सहा महिन्यांत हरणी पक्कं शिकली. हाक मारली की दहा फुटांवर यायची, शेपूट हलवायची, साखळीकडे बघायची आणि तिथंच उभी राहायची. 'बरूबर'ला मात्र ती कधी चुकली नाही. त्याच्या शेवटाला भाकरीच मिळायची ना.

त्या दिवशी पौषातलं ऊन नुकतं डोंगरावरून उतरत होतं. खालच्या तुकड्यात शेजारच्या दयानंदनं रताळी लावली होती. रताळी म्हणजे डुकरांना जेवणाचं आमंत्रण, म्हणून त्यानंही गुडघाभर उंचीवर तार ओढली होती. "सांच्याला लावतो, दिस उगवायला काढतो. दिवसा तारंत काय नसतं, वहिनी," असं त्यानं दहादा सांगितलेलं. रंभाबाईनं आपल्याच वावरात हरणीला सोडलं. तेवढ्यात पायाखालून ससा उठला.

पुढचं सगळं दोन श्वासांत झालं. हरणी सुटली, एका झेपेत तार ओलांडून रताळ्यात उतरली. ससा तिकडच्या काट्यात शिरला, आणि ही जीभ बाहेर काढून तुकड्याच्या मधोमध उभी.

रंभाबाईनं छातीवर हात ठेवला. दिवस उगवलाय, तारेत काही नाही, असं ती स्वतःला समजावत होती आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं. दवानं भिजलेलं गवत तारेला टेकत होतं तिथं चर्र, चर्र होत होतं. तिनं खांबाकडे पाहिलं. आकडा वरच होता. दयानंदच्या दारात मोटारसायकल नव्हती. दूध घालायला गेलेला शहाणा आकडा काढायला विसरला होता.

  फोन घरी, आणि आकड्याला हात लावायची तिची छाती नव्हती. 'यू यू' ओठांवर आलं, ते तिनं गिळलं. ससा पुढं होता म्हणून हरणीनं उडी मारली. हाकेला ती चालत येईल, सरळ येईल आणि तारेखालून वाकून निघेल. ओली पाठ तारेला लागेल. हाक मारायची म्हणजे आपल्या हातानं तिला मारायचं.

हरणी तिच्या हातातल्या साखळीकडे बघत होती, म्हणून अजून थांबलेली. पण कुत्रं ते, किती वेळ थांबणार? तारेशी एक मुंगूस मरून पडलं होतं. वास आला तशी हरणी नाक पुढं करून तिकडं निघाली.

एकच वाट होती. ओढ्याच्या अंगाला तार नव्हती. तिथं वावराची माती अडवणारी पुरुषभर उंचीची दगडी भिंत, म्हणजे ताल होती, आणि डुक्कर ती चढत नाही. हरणी तिथून ओढ्यात उडी मारू शकली असती. पण तिथवर पन्नास पावलं, आणि अख्खी तार मधे.

रंभाबाईनं साखळी मागं लांब भिरकावली. खळकन आवाज झाला तशी हरणीनं मान वर केली.

"बरूबर," ती म्हणाली. आवाज शेळीसारखा थरथरला. हरणी गोंधळून बघत राहिली. रंभाबाई या वेळी रोज जसं म्हणायची तसं, कंटाळल्यासारखं म्हणाली, "बरूबर चल." मग तोंड फिरवलं आणि तारेपासून दोन हात अंतर ठेवून बांधानं चालायला लागली.

मागं बघायचं नाही. बघितलं की ती येणार. डाव्या हाताला रताळ्याच्या वेलांची सळसळ ऐकू येत होती. दहा पावलं. वीस. मधूनच चर्र व्हायचं. काळ्या शेवटचा ओरडला होता ते तिच्या कानात अजून होतं. आता तेच ऐकू येणार, या पावलाला नाही तर पुढच्या.

सळसळ थांबली.

मान वळवावी असं तिला इतकं वाटलं की मानेच्या शिरा दुखायला लागल्या. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. ती चालत राहिली, त्याच गतीनं, रडत. आठ पावलं नुसती शांतता. मग पुन्हा सळसळ आली, आणि धापा टाकल्याचा आवाज, अगदी बरोबरीनं.

तालीच्या कोपऱ्यावरून ती ओढ्यात उतरली, बरीच आत गेली आणि तेव्हाच वळली. हरणी वर तालीच्या काठावर उभी होती.

"यू यू," रंभाबाईनं हाक मारली. हीच ती हाक, तिनंच नासवलेली. हरणी हलेना. तिचे डोळे हातांवर. रंभाबाईनं दोन्ही हात पसरून दाखवले. रिकामे. हरणीनं जरा विचार केल्यासारखं केलं, उडी मारली, आणि दहा फुटांवर न थांबता थेट येऊन बाईच्या पोटात डोकं खुपसलं.

रंभाबाईचा हात सवयीनं पट्ट्याकडे गेला. हरणीचे कान मागं पडले. तिनं हात काढून घेतला आणि कनवटीची भाकरी पुढं केली.

मान वर केली तर ओढ्याच्या बांधाकडच्या काठाला, तारेबाहेर, करंजाखाली भिवाजी. उपरण्याचा बोळा तोंडात कोंबलेला. तो तिनं साखळी फेकली तेव्हापासून तिथं होता. त्यानं बोळा काढला तेव्हा कापड दातांनी फाटलं होतं.

"आवं, तुमी हितं?"

"तुला धीर द्यायला हाक मारणार हुतो," तो म्हणाला. "माझा आवाज आला आसता तर ती मधनंच वळली आसती. तारंवरनं." वळलेली बोटं त्यानं काखेत दाबून धरली होती. "लई भ्यालो, रंभे. काळ्याच्या येळंला बी एवढा भ्यालो नव्हतो."

दोन वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलत होता. तिनं त्याचा तो हात काखेतून काढला आणि आपल्या पदरात धरला.

दयानंद दूध घालून आला तेव्हा तिघं त्याच्या दारात बसलेली होती. रंभाबाई उठली. "आकडा काढ. तार गुंडाळून माझ्या हातात दे. न्हाई दिलीस तर मी आत्ताच्या आत्ता पौडला पोलीस चौकीत जाती."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो खांबाकडे गेला.

परत जाताना साखळी गवतात दिसली. भिवाजी उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," रंभाबाई म्हणाली. भीती गेली नव्हती.  पण ती पुढं झाली, "बरूबर" म्हणाली आणि मागं न बघता घरापर्यंत चालत गेली.