सतरा नंबर, हजर

दाखल्याच्या अर्जावर सही करायला पेनचं टोपण काढलं आणि नववीच्या बाईंचा हात तिथेच थांबला.

"सतरा नंबर? अहो, ही तर रोज येते. बारीक आवाजात हजर म्हणते की!"

समोर मुलीचे वडील उभे होते. कामावरून तसेच आले होते, हातांवर कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे.

"नाही बाई. चाचणीचा निकाल लागल्यापासून घरीच आहे. झाले दोन महिने. तीन विषय गेले, तिने धसकाच घेतला. आता म्हणते, नावच काढून टाका."

बाईंनी हजेरीपट ओढला. सतरासमोर एकही खाडा नव्हता.

नववी निसटली की पोर शाळेतूनच निसटतं, हे बाईंचं ठाम मत. म्हणून लागोपाठ तीन खाडे झाले की चौथ्या दिवशी त्या पोराच्या दारात उभ्या. आईबापांशी भांडत, पोराला गोडीगुलाबीने घेत, पण परत आणत. यंदा सहा जणांना आणलं होतं आणि ते ऐकलं नाही असं स्टाफरूममध्ये कुणी उरलं नव्हतं. हजेरी मात्र मान वर न करता घ्यायच्या. "आवाजावरून पोर ओळखते मी," हेही त्यांचंच वाक्य.

"मला कळवायचं तरी!" बाईंचा आवाज चढला.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." वडील ओशाळले. "तुम्ही सगळ्यांकडे जाता ना. पहिले पंधरा दिवस दार वाजलं की तीच धावायची, बाई आल्या म्हणून. मग म्हणाली, माझ्यासाठी कशाला येतील?"

बाईंनी अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला.

"सही आज नाही. संध्याकाळी घरी येते मी."

सतराच्या शेजारी बसणाऱ्या अठरा नंबरला वर्गात सगळे रेडिओ म्हणत, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. बाईंनी तिला बाहेर बोलावलं, तेव्हा मात्र ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"तिचं हजर मीच म्हणायचे, बाई."

"का गं?"

"खाडे पडले की नाव कमी करतात ना. मला वाटलं, ती येईपर्यंत तिची जागा राहील." तिने नाक ओढलं. "मला तिचा आवाज जमत नव्हता, उगाच बारीक काढायचे. पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला. तुम्ही 'शांत बसा' म्हणालात आणि पुढचा नंबर पुकारलात."

बाईंना तो दिवस आठवेना. लाज वाटली, ती याचीच जास्त.

संध्याकाळी बाई रेडिओला घेऊन निघाल्या. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला दार होतं. बाईंनी कडी वाजवली. आत कुणी धावलं नाही.

"कोण आहे?" बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. जाड, घोगरा.

"आई दिसते," बाई पुटपुटल्या. "पोरगी बाहेर गेली की काय?"

रेडिओने त्यांच्याकडे बघितलं.

"तीच आहे, बाई."