नदीच्या भलत्याच काठावर

मी एक जुना नकाशा आहे. निदान मला टांगणाऱ्या खिळ्याची तरी तशी समजूत आहे. कोणत्या जिल्ह्याचा, ते मात्र विचारू नका मित्रांनो. माझ्या कपाळावर जिल्ह्याच्या नावाच्या एकावर एक तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत आणि सगळ्यात खालची काय होती, ते मीही विसरलो आहे. डोंगर, नदी, आठ गावे आणि मेंढ्यांची कुरणे, एवढे माझ्या अंगावर आहे. त्यातले खरे किती, या विचाराने साठ वर्षे माझे डोके भणभणते आहे.

माझा जन्म प्लायवूडच्या फळीवर झाला. ओमुरझाक नावाचा तरुण रंगारी घोड्यावरून गावोगाव हिंडला आणि जे पाहिले ते त्याने माझ्यावर उतरवले. माणूस मेहनती होता. फक्त अर्चाली या शेवटच्या अकरा घरांच्या वस्तीला तो पोचला नाही. बर्फ वितळून नदी फुगली होती. मग तो वरच्या कुरणात गेला, कारण उन्हाळ्यात अर्चालीची माणसे तिथेच तंबू ठोकून राहत.

तिथे कादिरकुल नावाच्या म्हाताऱ्याच्या तंबूत त्याला बोलावणे आले. म्हातारा मानाच्या जागी, म्हणजे अगदी आत, दाराकडे तोंड करून बसला होता. दार नदी वाहत जाते त्या बाजूला. रंगारी वयाने लहान, म्हणून तो दाराजवळ, म्हाताऱ्याकडे तोंड करून बसला.

"आजोबा, तुमची घरं नदीच्या कुठल्या अंगाला?" त्याने विचारले.

"उजव्या," म्हातारा म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा होता, काठोकाठ भरलेला. त्यामुळे हात करून दाखवायची सोय नव्हती. रंगाऱ्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले आणि वहीत ठिपका मांडला. नंतर तोच ठिपका निळ्या रंगाने माझ्यावर आला. मला बिचाऱ्याला काय ठाऊक! मी तो अंगावर घेऊन ऐटीत भिंतीवर चढलो.

सुरुवातीची वर्षे फार छान गेली. जिल्हा कचेरीत येणारा प्रत्येक साहेब छडीने माझ्यावर टकटक करी. शाळेची मुले रांगेने येऊन आपापले गाव शोधत. पुढे एका सकाळी कळले की मी जिल्हाच राहिलेलो नाही, शेजारच्या जिल्ह्यात मला मिसळून टाकले आहे. माझ्या हद्दीवर पांढरा रंग फासला गेला. आठ वर्षांनी तीच हद्द पुन्हा काढली, तीही जरा तिरकी. गावांची नावे बदलली, देश बदलला, कचेरीतले फोटो बदलले. मग मला शेगडीमागे ठेवले. तिथे माझ्या कुरणांवर चहाच्या किटलीचे शिंतोडे उडत. त्या वेळी मला खूप वाईट वाटे. आपण कोण, कुणाचे, हेच कळेनासे झाले होते.

पण नवीन ग्रामपरिषदा झाल्या आणि कुठला रस्ता कुणाचा हे ठरवायला मला पुन्हा बाहेर काढले. नदीच्या डाव्या काठाची गावे कोक-साय परिषदेला दिली आणि उजव्या काठाची चोन-ताशला. अर्चालीचा ठिपका माझ्यावर डावीकडे, म्हणून अर्चाली कोक-सायची. झाले! खरी अर्चाली होती उजव्या काठाला, चोन-ताशच्या रस्त्यावर. तिथे नदीवर पूल नाही. कोक-सायचा ट्रॅक्टर बर्फ काढायला यायचा कसा? आणि चोन-ताशवाले म्हणत, तुम्ही आमचे नाहीच, नकाशा बघा. दर हिवाळ्यात अर्चालीची माणसे फावड्यांनी रस्ता मोकळा करत आणि वारा तो पुन्हा बुजवून टाकी.

असाच एक जानेवारी होता. भर दुपारी जानिल-आपा कचेरीत शिरली, भुवयांवर बर्फ घेऊन. अर्चालीहून घोडीवर चार तास काढून ती आली होती. दोन्ही परिषदांचे प्रमुख, चोन-ताशचा मेदेरबेक आणि कोक-सायचा तोक्तोसुन, माझ्यासमोर चहा पीत बसले होते.

"माझी सून बेगिमाय अडलीय," ती म्हणाली. "पहिलटकरीण आहे, दीड दिवस कळा देतेय. नर्सबाई तिच्याजवळ आहे, पण म्हणते, घरात जमायचं नाही, दवाखान्यात न्या. गाडी आहे, रस्ता नाही. ट्रॅक्टर द्या."

"आपा, तुम्ही याच्या हद्दीत," मेदेरबेक तोक्तोसुनकडे बोट करून म्हणाला.

"अरे वा! मी काय ट्रॅक्टरला पंख लावू?" तोक्तोसुन उसळला. "नदी मध्ये आहे माझ्या!"

"माझा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हद्दीत गेला तर उद्या चौकशी माझीच लागेल. नकाशात बघा ना, आपा."

जानिल-आपाने मला आयुष्यात प्रथमच नीट पाहिले. "हे आम्ही? नदीच्या पलीकडे? अगं बाई, मी इतकी वर्षं रोज उठून परक्या काठावर चूल पेटवतेय की काय!" मग तिचे डोळे बारीक झाले. ती कादिरकुलची मुलगी. आठ वर्षांची असताना दुधाचे वाडगे भरून देत होती, त्याच तंबूत, त्याच दुपारी.

"मेदेरबेक, तू इकडे भिंतीशी बस. तू माझा बाप. तोक्तोसुन, तू दाराशी, याच्याकडे तोंड करून. तू रंगारी. बसा म्हणते ना! हं, आता दोघांनी उजवा हात बाजूला लांब करा."

दोन हात दोन दिशांना गेले. एक खिडकीकडे, एक शेगडीकडे. दोन्ही प्रमुख आपापल्या हाताकडे बघत राहिले. मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे कळले. पन्नास वर्षे मी अकरा घरांना भलत्याच काठावर बसवून ठेवले होते आणि छाती फुगवून मिरवत होतो. मला फार लाज वाटली.

"पटतंय, आपा," मेदेरबेक पुटपुटला. "पण दुरुस्तीला समिती बसावी लागते. वसंतात..."

जानिल-आपाने कमरेचा चाकू काढला. मला वाटले, आता फाडते मला! तिने तो निळा ठिपका खरवडून काढला. मला झोंबले. रंगाची ती खपली तिने मेदेरबेकच्या तळहातावर ठेवली.

"हे घे आमचं गाव. आता ते कुणाच्याच हद्दीत नाही, तुझ्या हातात आहे. पुढं कुठं चिकटवायचं ते तुझी समिती बसवून ठरव. पोरा, आधी ट्रॅक्टर पाठव."

मेदेरबेकने मूठ मिटली. मग तसाच, टोपी विसरून, तो बाहेर धावला. थोड्याच वेळात अंगणात ट्रॅक्टर धडधडला.

मूल दवाखान्यापर्यंत थांबले नाही. ट्रॅक्टरमागून येणाऱ्या गाडीत, दुसऱ्या वळणावर, नर्सबाईच्या हातात मुलगी झाली. वाटेत जन्मली म्हणून नाव जोलबूबू. जोल म्हणजे वाट. आई आणि लेक दोघी सुखरूप राहिल्या.

समिती मात्र अजून बसलेली नाही. ट्रॅक्टर दर हिवाळ्यात जातो, पण कुठल्या कागदाच्या आधारावर, ते कुणी विचारत नाही. माझ्या डाव्या काठावर ओरखडा आणि उजव्या काठावर काहीच नाही. म्हणजे अर्चाली आहे की नाही? सात वर्षे मला कळत नव्हते.

परवा शाळेची मुले आली. एक वेण्यांची मुलगी माझ्यासमोर फार वेळ उभी राहिली. मग तिने माझ्याकडे पाठ केली, अगदी मला टेकून, जणू आम्ही दोघे एकाच तंबूत आत बसलो होतो.

"आमचं गाव माझ्या उजव्या हाताला," ती म्हणाली. "आजीनं शिकवलंय. मेदेरबेक आजोबा, गाव द्या माझं."

शेजारी चहा पीत बसलेल्या मेदेरबेकने खिशातून रुमाल काढला. सात हिवाळे, कोट बदलला तरी ती खपली त्याने सांभाळली होती. जोलबूबूने तोंडातला चघळायचा डिंक काढला आणि अर्चालीला उजव्या काठावर दाबून बसवले. जरा वाकडी बसली आहे, पण पक्की बसली आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्यावर किटली ठेवू नका, एवढे तर मी मागेनच. पण त्याहून मोठी विनंती ही, की कुणाचे घर कागदावर मांडण्याआधी दाराजवळून उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. माझ्या जिल्ह्याचे नाव मला अजूनही ठाऊक नाही. अर्चाली कुठे आहे, ते मात्र आता विचारा.