पाठमोरी

"तोंड नको," गॅलरीच्या मॅडम म्हणाल्या. "आज मान वळवलीस, उद्या डोळे काढशील. लोकांना पाठमोरीच हवी आहे."

डाग्याने ब्रश खाली ठेवला. नवव्या कॅनव्हासवर त्याने बाईची मान जेमतेम बोटभर वळवली होती, गालाची कड दिसेल न दिसेल एवढीच. पण मॅडमची नजर घारीची. ज्या पाठीने तुला इथवर आणलं तिच्यावर एवढा राग का, असं त्यांनी हसत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या निघून गेल्या. शनिवारच्या प्रदर्शनाआधी अजून तीन पाठमोऱ्या व्हायच्या होत्या. डाग्याने मुकाट्याने मान सरळ केली.

डाग्या हे नाव लाँड्रीच्या गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. आईने उभा जन्म लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात घालवला आणि पोरगा निघाला डाग शोधत हिंडणारा. भिंतीवर ओल दिसली, गंज दिसला, तेलाचा ओघळ दिसला की हा तिथेच खिळायचा. मग कोळशाच्या चार रेघा ओढायचा आणि त्या डागातून म्हातारा निघायचा, नाहीतर कुत्रं, नाहीतर सायकल. नवीन तो काही काढतच नसे, आहे तेच दाखवायचा.

पाठमोरी अशीच निघाली. लाँड्रीतल्या हौदाचं पाणी मुरून भिंतीला रस्त्याच्या बाजूने मोठी ओल आली होती. आईने त्याला त्यावर चुना मारायला पाठवलं. त्याने बघितलं, तर ओलीत आईचीच पाठ. त्याने मान काढली, अंबाडा काढला, इस्त्रीवर रेललेला कोपर काढला आणि चुन्याची बादली तशीच परत नेली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर उभं राहून तिने चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, "तोंड काढायला जड झालं होतं होय रे?"

"काढतो की," तो म्हणाला होता. "जागा मिळू दे."

पुढे सगळं भराभर झालं. फोटो निघाले, वर्तमानपत्रात आलं, मॅडम आल्या. कराराची पानं न वाचताच त्याने सह्या केल्या, कारण तेव्हा तो हवेत होता. गॅलरीच्या परवानगीशिवाय कुठल्याही भिंतीवर काढायचं नाही, हे त्याला नंतर कळलं. जागेच्या मालकाने लाँड्रीची ती भिंत गॅलरीला दिली. माणसं करवत घेऊन आली तेव्हा आई आत इस्त्री करत होती. एका शर्टाची कॉलर तेवढी राहिली आहे, जरा थांबा, असं ती म्हणाली. ती माणसंही भली, थांबली.

आता मायलेक पाचव्या मजल्यावर राहत होते. भिंती पांढऱ्याशुभ्र, कुठे ओल नाही की पोपडा नाही. आई सवयीने पडदे इस्त्री करायची, सुकलेले टॉवेल इस्त्री करायची, मग खिडकीशी बसायची. डाग्या गॅलरीच्या स्टुडिओत जायचा. तिथे मॅडमचा एक माणूस कॅनव्हासवर चहाचं आणि गंजाचं पाणी ओतून डाग तयार करून ठेवायचा. अगदी सुरेख डाग. डाग्याला त्यात कधी कोणी दिसलं नाही. तो आपली पाठमोरी काढून मोकळा व्हायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना त्याला स्वतःची किळस यायची.

मान सरळ करावी लागली त्या दिवशी घरी येऊन त्याने आईला समोर बसवलं. कागदावर काढायला तर कोणाची मनाई नव्हती. आईने केस विंचरले, चष्मा काढला, परत घातला आणि अवघडून बसली. तो तासभर खपला. पाच कागद फाडले. कपाळ जमेना, हनुवटी जमेना. मग त्याच्या लक्षात आलं. लहानपणापासून तो कपड्यांच्या गाठोड्यावर बसून आईला बघत आला होता, आणि आई कायम टेबलाकडे तोंड करून उभी. तिची पाठ त्याला डोळे मिटून येत होती. चेहरा त्याने कधी बघितलाच नव्हता.

"असू दे," आई म्हणाली. "दमला असशील." तिने फाटलेले कागद गोळा केले आणि त्यावरून हात फिरवून सुरकुत्या काढत बसली.

शनिवारी दुपारी तो तिला प्रदर्शनाला घेऊन गेला. दालनाच्या मधोमध लोखंडी चौकटीत ती भिंत उभी केली होती, वरून दिवे सोडले होते. भोवती बारा कॅनव्हास, बारा पाठी. माणसं हळू आवाजात बोलत होती. आईने भिंतीकडे बराच वेळ बघितलं, पिशवी सावरली आणि सरळ चालत भिंतीच्या मागे गेली.

 ती का गेली हे डाग्याला लगेच कळलं. पुढून पाठ आहे, म्हणजे तोंड मागच्या बाजूला असणार. इतकं साधं. तो धावतच तिच्या मागे गेला.

मागे तोंड नव्हतं. मागे लाँड्री होती. वाफेने पिवळा पडलेला चुना, इस्त्रीच्या वायरीने पडलेला काळा पट्टा, डाग्याची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा आणि आईचा खिळा. टेबलाशी उभी राहिली की तीस वर्षं ज्या भिंतीकडे तिचं तोंड असायचं, ती ही.

 आईने पिशवी खांद्यावरून काढली आणि न बघता खिळ्याला अडकवली. हात आपोआप तिथेच गेला.

"आजी, हात लावू नका," कोपऱ्यातला रखवालदार हळूच म्हणाला.

"तिचा खिळा आहे तो," डाग्या म्हणाला. रखवालदार गोंधळला. चित्रकाराला काय सांगणार, तो परत कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात पुढून मॅडमची हाक आली. फोटोवाले खोळंबले होते. डाग्याने आईकडे बघितलं.

"जा तू," ती म्हणाली. "मी आहे इथं."

तो पुढे आला. फोटोवाल्याने त्याला भिंतीसमोर उभं केलं, मागेपुढे सरकवलं आणि मग स्वतःच एक युक्ती काढली. "सर, पाठ करा ना इकडे. चित्रातल्यासारखी. तोंड भिंतीकडे."

मॅडमना ते फारच आवडलं. डाग्या वळला. समोर हातभर अंतरावर त्याने काढलेला अंबाडा होता आणि त्यापलीकडे, वीतभर भिंतीच्या मागे, आई त्याच्याकडे तोंड करून उभी होती. कोणी तरी खांदे जरा खाली सोडायला सांगितलं. त्याने सोडले.