दारातले साक्षीदार

त्या गल्लीत खोटे बोलणे पाप मानत, त्यामुळे खोटे कुणी बोलत नसे. घरातले एक माणूस दारात उभे केले की न बोलताच भागत असे.

पद्धत जुनी होती. जे घर जो माल विकेल, त्या घराने त्या मालाचा एक जिवंत पुरावा पुरवायचा. त्याला साक्षीदार म्हणत. केसांच्या औषधवाल्याची भाची वरच्या खिडकीत रस्त्याकडे पाठ करून बसे. तिचे केस इतके खाली लोंबत, की एका चिमणीने त्यांत घरटे बांधले, पिले उडाली, आणि तोवर त्या पोरीला मान हलवायची परवानगी नव्हती. सडपातळ करणाऱ्या भुकटीवाल्याची आत्या वाऱ्याच्या दिवशी दाराच्या कडीला बांधून ठेवावी लागे. गादीवाल्याचा मेहुणा दुकानाच्या दर्शनी काचेआड दिवसभर गाढ झोपे. त्याला पाहायला आलेली मुलगी काचेबाहेरूनच बघून गेली आणि घरी म्हणाली, "शांत स्वभावाचा वाटतो."

यात कुणाला गैर वाटत नसे. घरोघरी मातीच्या चुली. साक्षीदाराला घरात मान असे, पहिला घास त्याचा असे (भुकटीवाल्याची आत्या सोडून). एवढेच, की साक्षीदाराला साक्षीतून सुटका नसे.

गल्लीच्या मधोमध गुडघ्यांच्या तेलाचे दुकान होते. खाली दुकान, वर घर. तिथले साक्षीदार म्हणजे तेलवाल्याचे वडील. रोज सकाळी ते गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताडताड चालत जात आणि परत येत. सगळे त्यांना घोडेआजोबा म्हणत.

त्या सकाळीही, रोजच्यासारखेच, घोडेआजोबा पलंगाच्या कडेला विजार मांडीपर्यंत सरकवून बसले होते आणि सून खाली वाकून त्यांच्या उजव्या गुडघ्याला पट्टी बांधत होती.

"घट्ट बांध."

"बाबा, याहून घट्ट बांधली तर पाय निळा पडेल."

"पडू दे. विजार लांब आहे."

तिने दुखणे मारायची गोळी चहाच्या कपाशेजारी ठेवली. आजोबांनी ती गिळली, भिंतीला धरून जिना उतरले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. उंबरठ्याशी थांबले, खांदे मागे टाकले, श्वास घेतला आणि बाहेर पडले. आत लंगडे, बाहेर घोडा. वरच्या खिडकीतून सून त्यांची पाठ बघत राहिली. पाठ हसत होती. तोंड कसे असेल, ते तिला ठाऊक होते.

हे सगळे तिच्याच शब्दांनी सुरू झाले होते. लग्न होऊन आली तेव्हा आजोबा पडून पाय दुखावून घरात होते. पुढे विश्रांतीने ते उठले. तेल तर रोज लागतच होते. सुनेच्या जिभेला वळण होते, हाताला रंग होता. तिने हौसेने दुकानाची पाटी रंगवली: 'आमचे बाबा पुन्हा चालू लागले.' अक्षर न् अक्षर खरे होते. गिऱ्हाईक वाढले. मग नवरा म्हणाला, 'चालू लागले' फिके वाटते, 'धावू लागले' कर. तिने केले, वर भिंतीवर आजोबांचे धावतानाचे चित्रही काढले. चित्र सुंदर होते, तिथेच घात झाला. आता आजोबांना चित्राच्या मागे धावणे आले. वर्षभरात गुडघा पुन्हा बिघडला, पण तो बिघडायला आता जागाच उरली नव्हती. डॉक्टरचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी. तिथे घोडेआजोबा शिरताना दिसले तर दुकानाचे हसे झाले असते.

आजोबा परत आले तेव्हा तेलवाला खुशीत होता.

"बाबा, उद्या दुपारी व्हिडिओवाला येतोय. घराघरात, फोनाफोनावर दिसणार तुम्ही! नुसतं चालणं कुणी बघत नाही हो. तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारायची."

"उडी?" सून म्हणाली. "अहो, ते पायरी उतरतात कसे, तुम्ही बघता ना?"

"एकच तर उडी. आणि मी काय हौसेने करतोय? ही गल्लीच अशी आहे. साक्षीदार बसला की दुकान बसलं. मग यांच्या गोळ्या कुठून आणू?" मग तो जरा नरमला. "तू तेवढं दोन वाक्यं बोल, अगं. तुझ्या तोंडात माणसं ओढायची ताकद आहे."

यावर ती बोलणार, तोच खालून दुकानातून हाक आली, तशी ती आणि तेलवाला खाली उतरले. कोपऱ्यावरची शिंपीण बाटली घ्यायला आली होती. ही बाई पायमशीनवर सबंध गल्लीचे कपडे शिवी आणि जीभही मशीनसारखीच चालवी. आज मात्र ती बाकाचा आधार घेत बसली.

"काय हो काकू, आज गप्पशी?" सुनेने विचारले.

"गुडघ्याने तोंड शिवलंय माझं." तिने लुगडे जरा वर केले. गुडघा नारळाएवढा सुजला होता. सुनेने हात लावला. गुडघा तापलेल्या तव्यासारखा लागला.

"डॉक्टरकडे गेला नाहीत?"

"जात होते की. पाणी काढायचं म्हणत होता. औषधं दिली होती, तीही सोडून दिली मी."

"का?"

"का म्हणजे?" शिंपीण हसली. "पाट्यांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही हो. पाटी काय, कुणीही रंगवतं. पण आजोबा रोज माझ्या दारावरून जातात ना टाचा आपटत. डोळ्यांनी दिसतं ते कसं नाकारू? म्हटलं, या वयात हा माणूस धावतो, तर मीच का सुई टोचून घेऊ?"

आजोबा वर, जिन्याच्या तोंडाशी पडद्यामागे उभे होते, पडद्याचा दांडा धरून. त्यांनी सगळे ऐकले. तेलवाल्याने बाटली कागदात गुंडाळली. सुनेने ती द्यायची नाही म्हणून त्याच्या हातातून काढून घेतली, पण शिंपिणीने तिच्या हातातून घेतली आणि ती लंगडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवाला आला. मजा बघायला गल्ली जिन्याच्या उघड्या दाराशी जमली. आजोबांना तिसऱ्या पायरीवर उभे केले.

"हसा, आजोबा! हां, आता मारा उडी!"

आजोबांनी खाली पाहिले. समोर गर्दीत, कुणाच्या तरी खांद्याला धरून शिंपीण उभी होती. आजोबांनी कठडा धरला, उजवा पाय पुढे सरळ ठेवला, आणि हळूहळू, कण्हत, सगळ्यांदेखत पायरीवर बसले.

"बाबा, उठा!" तेलवाला दातांतून म्हणाला.

"नाही होत, बाळा. मला बसायचंय. कधीपासून बसायचं होतं."

गर्दीत कुजबुज झाली. तेलवाल्याने बायकोला पुढे ढकलले. "बोल काहीतरी! सावर!"

ती बोलली. शब्द नेहमीसारखे नेमके पडले. "हे आमचे बाबा. हे रोज हे तेल लावतात. यांचा गुडघा बरा झाला, असं मी पाटीवरून भासवलं ते खोटं आहे. कुणाचं दुखत असेल तर डॉक्टरकडे जा."

पण शिंपिणीचे लक्ष ऐकण्यात नव्हते. शेजारीण तिच्या कानाशी लागली होती, "उन्हाने चक्कर आली वाटतं म्हाताऱ्याला." खरे कानावर पडावे लागते, सोयीचे कानात आपोआप शिरते.

सुनेला वाटले, सुटलो. आजोबा जिन्यावर बसूनच चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, काल डोळ्यांनी पाहिलेले विसरून, खिडक्याखिडक्यांतून आरोळ्या उठल्या. "वा, घोडेआजोबा! जिंकलंत!" सुनेने फोन उघडला. व्हिडिओवाल्याने आजोबांचे बसणे उलटे फिरवले होते. म्हातारा पायरीवरून स्प्रिंगसारखा उठत होता. उठत होता आणि पुन्हा उठत होता. आणि वर तिचाच आवाज: 'हे आमचे बाबा. हे रोज हे तेल लावतात. यांचा गुडघा बरा झाला.' तिथे कात्री.

तिने फोन आजोबांपुढे धरला. "बाबा, मी काहीही बोलले तरी ते कापणार. हवं तेवढं ठेवणार. माझं तोंडच त्यांचं झालंय."

खाली दुकानात गर्दी लोटली होती. तेलवाल्याला वर बघायला फुरसत नव्हती.

 आजोबांनी गुडघ्याची पट्टी सोडली. गोळी तशीच बशीत ठेवली. पडद्याचा दांडा काढून हातात घेतला.

"कुठे निघालात?"

"फेरफटका. माझ्या चालण्याला कात्री लावायची तर त्यांना गल्लीच कापावी लागेल."

आणि घोडेआजोबा बाहेर पडले, दांडा टेकत, पाय ओढत, दर चार पावलांनी थांबत. दुकानातली गर्दी दाराकडे वळली. तेलवाला धावत आला आणि बापाचा दंड धरून पुटपुटला, "बाबा, आत चला. लोक बघतायत."

"बघू दे की. त्यासाठीच तर ठेवलंयस मला."

सून त्यांच्या मागोमाग उतरली. शिंपिणीच्या दारापर्यंत पोचायला त्यांना कधी नव्हे एवढा वेळ लागला. ती मशीनपाशी जमिनीवर पडून होती, अंगात ताप होता. आजोबांना पाहून कोपरावर उठली.

"हे काय, आजोबा?"

"माझं चालणं. खरं."

तिने त्यांच्याकडे पाहिले, दांड्याकडे पाहिले. "मग इतके दिवस मी काय बघत होते?"

 उत्तर सुनेने दिले, "मी काढलेलं चित्र, काकू. चला, दवाखान्यात."

"चल गं बाई," आजोबा म्हणाले. "तुझे दोन पाय, माझे दोन, त्यांत दोन चांगले निघतील. तेवढ्यांवर पोचू."

शिंपीण हसली नाही. पण उठली.

उशीर झाला होता. शिंपिणीचा जीव वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला, तो पायमशीनवर पुन्हा चालला नाही. आता ती हातमशीनवर शिवते, आणि दुपारी तेलवाल्याची सून तिथे बसून चाक फिरवते. नवऱ्याला तिने सांगितले आहे, की यापुढे पाट्या तिच्या हातून होणार नाहीत. तो अजून चिडलेला आहे. दुकानही चालू आहे. भिंतीवरचे आजोबा अजून धावतात, फोनातले अजून उठतात.

आणि रोज सकाळी खरे आजोबा त्याच भिंतीखालून लंगडत जातात. काहीजण चित्र बघतात, काहीजण माणूस. काल ते गादीवाल्याच्या काचेसमोरून जाताना मेहुण्याने एक डोळा उघडला म्हणतात. कूस मात्र बदलली नाही.

शिंपिणीला मात्र एक सवय लागली आहे. कुणी कसलाही माल घेऊन दारी आले, साक्षीदाराचे हसरे तोंड दाखवू लागले, की ती सगळे शांतपणे ऐकून घेते. मग चाकावरचा हात थांबवून एवढेच विचारते,

"हा माणूस घरात कसा चालतो?"